ओली बाही

"जरा हात लावून बघा हो," म्हणत ते उजवी बाही पुढे करायचे. व्हँकुव्हरच्या बंदरावर तुम्ही कधी फिरला असाल, तर तुमच्याहीपुढे केली असेल.

आमच्याच कॉन्डोत राहायचे. बंदरातल्या क्रेनचे इंजिनियर म्हणून आयुष्य गेलेलं, आता रिटायर्ड आणि एकटे. मी त्यांना काका म्हणायचो. अंगात कायम एकच स्वेटर: इथल्या मूळ रहिवासी काविचन बायका विणतात तसला, जाड, न रंगवलेल्या लोकरीचा, पाठीवर गरुड. लोक टी-शर्टवर फिरायला लागले तरी काकांचा स्वेटर काही उतरत नसे.

"काका, उकडत नाही?"

"मेंढीला विचारलंत कधी?"

चालणं अगदी निवांत. पाण्यात सील दिसला की, "काय राव, जेवण झालं का?" त्यामुळे बाहीचं प्रकरणही मी थट्टेवारी न्यायचो. मग एकदा खरंच हात लावला. लख्ख ऊन, बाकीचा स्वेटर कोरडा, आणि उजवी बाही कोपरापर्यंत चिंब. पाणी बर्फासारखं गार. बोटांना समुद्राचा वास.

"वॉशरूममध्ये भिजली असेल," मी म्हटलं.

"छे. अशी हवा छान असली की होतं. त्या दिवशीही छानच होती."

मग चालता चालता सांगितलं. त्यांच्या क्रूमधला एक माणूस धक्का आणि जहाज यांच्यामधल्या पाण्यात पडला होता. काकांनी पालथं पडून त्याचा हात धरला. तेव्हाही अंगात हाच स्वेटर.

"सगळ्यांना सांगितलं, हात सुटला. सुटला नाही हो. मी सोडला. मीच ओढला जात होतो. घरी बायको पहिलटकरीण. तिलासुद्धा सांगितलं नाही."

मी त्यांच्यासोबत चालत राहिलो.

गेल्या वसंतातली गोष्ट. सकाळी आम्ही बोटी बांधतात त्या लाकडी धक्क्यावर उतरलो. काका एकदम गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हात पाण्यात घातला. तोल जाईल म्हणून मी मागून स्वेटर घट्ट धरला.

तर खालून कुणीतरी ओढत होतं. लाट नव्हती, पाणी ताटात वाढल्यासारखं स्थिर होतं. हात धरून माणूस वर चढतो, तशी ती ओढ. माझे बूट फळ्यांवरून घसरायला लागले.

"काका, सोडा!"

"नाही. आता नाही सोडायचा."

एकदम भार गेला आणि आम्ही दोघे मागे कोसळलो.

कोरड्या फळीच्या कडेवर ओला पंजा उमटला होता, बोटं आमच्याकडे. आणि आमच्या शेजारून ओल्या बुटांचे ठसे निघाले होते, एकापुढे एक, सरळ किनाऱ्याकडे. तिकडे कुणीही नव्हतं.

काका लहान मुलासारखे रडत होते. "गेला," म्हणाले, "घरी गेला."

पुढे मुलीनं त्यांना लंडनला, म्हणजे इथल्या ऑन्टारिओतल्या लंडनला, आपल्याकडे नेलं. हिवाळ्यात तिचा फोन आला. "बाबा झोपेतच गेले. सो पीसफुल, अंकल."

बंदरावर मी आता एकटाच फिरतो. काका आठवतात ते त्या सकाळचे: फळ्यांवर मांडी घालून बसलेले, डोळे पुसणारे. उन्हात एकेक ठसा वाळत होता. शेवटचा पुसला जाईपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.