कोरी टाकी

“नवीन म्हणजे काय? जिच्या आत अजून कुणी पाहिलेलं नाही, ती नवीन.”

डोकावे हे एकदा आपल्या दुकानात, हातातला पाना पुसता पुसता म्हणाले होते. समोर एक शाळामास्तर उभे. उतारवयात त्यांना पाण्याखाली जायची हौस लागलेली, आणि त्या दिवशी खांद्यावर पाणबुड्याची नवी टाकी, अजून प्लास्टिकच्या जाळीतली, लहान मूल आणावं तशी धरून आणलेली. बोट सुटायला थोडाच वेळ होता. टाकीत हवा भरून घ्यायची आणि पळायचं, एवढाच त्यांचा बेत. डोकाव्यांनी मात्र टाकी भरायच्या नळीऐवजी पाना उचलला.

“अहो, आत्ता खोक्यातून काढलीय. उघडता कशाला?”

“आत बघायला.”

“कारखान्यातून तपासून आलीय. हा बघा, शिक्काच आहे.”

“ती फुटते की नाही, ते कारखान्याने पाहिलं. पोटात काय घेऊन आलीय, ते मी बघणार.”

“आणि पान्याचा ओरखडा पडेल तो?”

“पडेल.”

मग ते ‘नवीन म्हणजे काय’चं वाक्य. डोकाव्यांनी व्हॉल्व्ह फिरवून काढला, गळ्यात अडकवलेला दिवा, बोटाएवढा, लांब वायरचा, टाकीच्या तोंडातून आत सोडला आणि एक डोळा मिटला. आत काही नव्हतं. स्वच्छ करडी पोकळी, बस्स.

“बघा, काही नाही ना?” मास्तर म्हणाले.

“नाही. आता हे तुम्हालाही कळलं आणि मलाही.”

मास्तरांची बोट चुकली, ती चुकलीच.

खरं सांगायचं तर डोकाव्यांना नव्या टाक्यांमध्ये बहुधा काहीच सापडत नसे. कधी आटे पाडताना राहिलेला धातूचा कीस, एकदा वेष्टणाचा चुरगळलेला कागद. पण लोखंडाच्या टाकीचं त्यांना नेहमी भय. कारखान्यात ती आत दाबाने पाणी भरून तपासतात. ते पाणी नीट सुकवलं नाही, आणि वर हवा भरून टाकी तशीच ठेवली, तर गंज आतल्या आत हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. दाबाचा काटा टाकी भरलेलीच दाखवतो. वास नाही, रंग नाही. माणूस श्वास घेत राहतो आणि घेता घेता विझतो. हे ते लेकीला ती शाळेत होती तेव्हापासून सांगत आले होते, दुसरी माणसं मुलांना भुताच्या गोष्टी सांगतात तसं.

डोकावे हे त्यांचं नाव नव्हे. पण खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. माणूस दिसेल त्यात डोकावायचा. नवा बूट आणला की आत कोपरापर्यंत हात. नवी किटली आली की तोटीतून एक डोळा. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या जावयाने त्यांच्यासमोर आ वासून दाखवला होता.

“बघून घ्या बाबा, आत काही नाही.”

“ते बाहेरूनच दिसतंय,” डोकावे म्हणाले होते.

त्या दिवसापासून सासरा-जावयाचं असंच चाललेलं. जावई हातचा चलाख, बोटींच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात दुकानात हातभार लावायचा. मात्र स्वभाव घाईचा. “नव्याला काय बघायचं बाबा, तुम्ही उद्या अंड्यातसुद्धा दिवा सोडाल,” हे त्याचं ठरलेलं. डोकावे त्याला टाकी भरू द्यायचे, पण आपण शेजारी उभं राहून.

आणि ओरखडा. पान्याखाली ते चामड्याचा तुकडा घ्यायचे, तरी चकचकीत व्हॉल्व्हच्या गळ्याशी एक बारीक रेघ उठायचीच. गिऱ्हाइकं कुरकुरायची. पुढे त्या रेघेला ‘डोकाव्यांचा दात’ असं नाव पडलं, आणि जुनी माणसं दुसऱ्याची टाकी उसनी घेताना आधी दात चाचपून बघायला लागली. दात असला की निर्धास्त.

लेक पाण्याखाली पोहायला शिकवायची परीक्षा पास झाली, त्या सकाळी डोकावे घरी पिवळी टाकी घेऊन आले. लेकीने तोवर आयुष्यभर दुसऱ्यांच्या टाक्या पाठीवर वाहिल्या होत्या. पोचे आलेल्या, तीनदा रंग मारलेल्या. ही पहिली तिची. तिने ती मांडीवर आडवी घेतली, गोल फिरवली, गळ्यावरून बोट फिरवलं.

“बाबा! दात कुठाय? एक ओरखडा नाही!”

ते हसले. “आवडली ना?”

तिला वाटलं, बाबांनी माझ्यासाठी दुहेरी चामडं घेतलं असणार. टाकी भरून आणली होती, आणि टाकीच्या खांद्यावर त्यांचा आत तपासल्याचा निळा स्टिकर नीट सरळ चिकटवलेला होता. इतर टाक्यांवर तो नेहमी तिरका असायचा.

पण ती टाकी पाण्यात गेलीच नाही. त्याच महिन्यात लेकीला दिवस गेल्याचं कळलं. पाण्याखाली जाणं बंद. टाकी खोलीच्या कोपऱ्यात उभी राहिली, भरलेली. नंतर शेजारी पाळणा आला. नवरा येता-जाता टाकीला टपली मारायचा. “ही थोरली. रडत नाही, दूध मागत नाही, बापावर गेलीय.”

बाळ बसायला लागलं त्या सुमाराची गोष्ट. नवऱ्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळायला लागला आणि नेमकं एका बोटवाल्याचं काम अंगावर आलं. तो दारात डोकं खाजवत उभा राहिला.

“माझी ने ना,” लेक म्हणाली. “भरलेलीच आहे. दिवा लावून बघितलेली आहे, तुझ्यासारखी नाही.”

“थोरलीला फिरवून आणतो,” तो म्हणाला आणि टाकी उचलून निघाला.

पाणी काही खोल नव्हतं. दोन माणसं एकावर एक उभी केली तर वरच्याचं डोकं कोरडं राहिलं असतं. बोटवाला वर बसून खालून येणारी खरखर ऐकत होता. ती थांबली. त्याने वाकून पाहिलं तर बुडबुडे चालूच होते, एकापाठोपाठ एक, अगदी शिस्तीत. म्हणून त्याला वाटलं, दमला असेल बिचारा. मग ते बुडबुडे फार सावकाश यायला लागले. त्याने कमरेच्या दोरीला हिसका दिला. खालून उलटा हिसका आला नाही.

बाहेर काढला तेव्हा ओठ शाईत बुडवल्यासारखे झाले होते. तोंडातली नळी दातांत घट्ट होती. काटा जवळजवळ भरलेली टाकी दाखवत होता.

लेक दवाखान्यात पोचली ती पायात दोन वेगळ्या चपला घालून. नवरा वाचला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. “फुफ्फुसात पाणी नाहीये. श्वास तर हा घेत होता. त्यात काही नव्हतंच. कसली हवा भरली होती तुम्ही?”

लेकीला त्या वाक्याचा अर्थ शब्द संपायच्या आत कळला. लहानपणापासून ऐकलेलं भूत समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि ते अगदी ऐकल्यासारखंच होतं. ती नवऱ्याच्या खाटेशी गेली आणि तिला रडू यायच्या ऐवजी राग आला.

“माझी टाकी रिकामी करून परत तूच भरलीस ना? मधेच कधीतरी वापरलीस, आणि ओल्या नळीनं भरून ठेवलीस. खरं सांग.”

त्याने मास्कखाली मान हलवली. नाही.

“घाई! प्रत्येक गोष्टीत घाई! लेकरू आहे घरात, काही लाज?”

“हात... नाही लावला,” तो मास्कमधून म्हणाला. “टपली मारली फक्त.”

“गंमत सुचतेय अजून? खोटं नको बोलूस माझ्याशी.”

त्याने डोळे मिटून घेतले. भांडायला लागणारी हवाही त्याच्याजवळ नव्हती.

डोकावे भिंतीशी उभे होते, नातीला कडेवर घेऊन. पोरगी त्यांच्या गळ्यातल्या दिव्याची वायर चोखत होती. एरवी त्यांनी ती लगेच काढून घेतली असती. ते लेकीकडे बघत नव्हते, जावयाकडेही नाही. जावयाच्या उशाशी जो प्राणवायूचा सिलिंडर होता, त्याच्या गळ्याकडे बघत होते.

दुसऱ्या सकाळी बोटवाल्याने पिवळी टाकी दुकानात आणून टाकली आणि तो थांबला नाही. लेक बाळाला शेजारणीकडे ठेवून आली होती. डोकावे आधीच येऊन बसले होते. हवा भरायचा कॉम्प्रेसर बंद होता.

“उघडू या बाबा,” ती म्हणाली. “याने काय करून ठेवलंय ते बघू.”

व्हॉल्व्ह काढायच्या आधी आतली हवा सोडून द्यावी लागते. डोकाव्यांनी चावी फिरवली. हवा किंचाळत बाहेर पडायला लागली. भरलेली टाकी मोकळी व्हायला वेळ लागतो, आणि तोवर बोललेलं काही ऐकू येत नाही. दोघं समोरासमोर उभी राहिली. मधे ती टाकी. गार हवेने व्हॉल्व्हवर दव धरलं, पाना घसरू नये म्हणून लेकीने फडकं घेतलं आणि गळा पुसला.

फडक्यातून अंगठा निसटला आणि गळ्यावरून फिरला. गुळगुळीत.

तिने पुन्हा फिरवला, मागल्या बाजूनेही. मांडणीवर ओळीने टाक्या उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्याशी ती बारीक रेघ. लहानपणापासून बघितलेली, इतकी की आता दिसेनाशी झालेली. हिला नव्हती. हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, मांडीवर टाकी घेऊन, आनंदाने. दात कुठाय? एक ओरखडा नाही!

म्हणजे ही कुणी कधी उघडलीच नव्हती. नवऱ्याने नाही. कुणीच नाही.

तिने मान वर केली. हवा किंचाळतच होती. बाबांचं तोंड तिला दिसत होतं आणि त्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे बाबांना काल दवाखान्यातच... मी त्याला बोलत होते तेव्हा...

आवाज बारीक होत होत थांबला.

डोकाव्यांनी पाना लावला. चामडं घेतलं नाही. हिसक्यासरशी व्हॉल्व्ह सुटला आणि ओल्या लोखंडाचा वास बाहेर आला, बंद घरातला नळ कितीतरी दिवसांनी सोडल्यासारखा. त्यांनी टाकी बादलीवर तिरकी केली. आधी काहीच नाही. मग तांबडं पाणी आलं, कपभर, आणि त्यामागून चिखल. तो थेंबाथेंबाने पडत राहिला.

त्यांनी गळ्यातला दिवा काढून आत सोडला, पण स्वतः वाकले नाहीत. टाकी लेकीकडे कलती केली.

ती वाकली. आत सगळीकडे गंजाची खरूज उठली होती, तळापासून गळ्यापर्यंत, लाल आणि काळी. दिव्याच्या उजेडात ती जिवंत वाटत होती. इतके महिने पाळण्याशेजारी ही खात बसली होती.

“तुम्ही उघडली नव्हती,” ती म्हणाली.

डोकाव्यांचा अंगठा व्हॉल्व्हच्या गळ्यावर होता. तिथे आता ताजी रेघ उठली होती, खोल आणि वाकडी.

“बाबा, मी विचारतेय. मास्तरांची बोट चुकवलीत. आख्ख्या गावाच्या टाक्या उघडल्यात. आणि माझी?”

त्यांचा अंगठा त्या रेघेवरच फिरत राहिला.

“ओरखडा पडू नये म्हणून?” तिचा आवाज फुटला. “मला कोरी मिळावी म्हणून? आणि वर स्टिकर लावलात? तो मेला असता, बाबा! मीच दिली त्याला हाताने! तुमच्या स्टिकरच्या भरवशावर दिली!”

व्हॉल्व्ह त्यांनी काउंटरवर ठेवला. मग टाकीच्या खांद्यावरच्या निळ्या स्टिकरखाली नख घातलं. तो सहज निघेना. तुकड्या-तुकड्याने खरवडला, एकेक तुकडा तळहातावर घेतला आणि मूठ मिटली.

“काल तरी बोलायचंत. मी त्याला नाही नाही ते बोलले, तुम्ही उभे होतात तिथं. आता त्याला कोण सांगणार? मी की तुम्ही?”

डोकाव्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग मूठ न सोडता, टाक्यांच्या ओळीला खांदा लागू न देता, ते दारातून बाहेर पडले आणि घराकडे न वळता दवाखान्याच्या रस्त्याला लागले. मागे टाकीच्या पोटात त्यांचा दिवा तसाच जळत राहिला होता.