अंगठ्यापुरतं ऊन

नागपूरच्या गांधीबागेतले एक कापडवाले काका जन्मभर दुकानाच्या सावलीत बसले. शेवटी डॉक्टरांनी त्यांना रोज ऊन घ्यायला सांगितलं.

"हाडं मऊ पडली म्हणते. मोठ्या माणसाचा मुडदूस! लेकराइचा रोग मले काहून गा?" काका शेजारच्या दुकानदाराच्या कानात कुजबुजले. रोगापेक्षा त्याचं नावच त्यांना जास्त छळत होतं.

भर मे महिन्यात काका पायरीवर बसले. तोंडाला दुपट्टा, डोळ्यांना गॉगल, हातांना मोजे आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. उघडा होता फक्त पायाचा अंगठा.

"एवढ्यानं काय होते, काका?" शेजाऱ्यानं विचारलं.

"नागपूरचं ऊन हाये गा. बस होते."

दुसऱ्या दिवशी काका आत गादीवर होते. अंगठ्याला मलम फासलेलं.

"काहून, आज ऊन नाही?"

"काल पुऱ्या सालाचं घेऊन झालं ना!"