ब्रायनीचा बाप

टास्मानियाच्या आमच्या खाडीत लिंडन हार्कोर्टइतका कमी बोलणारा माणूस नव्हता. त्याच्या शेडमध्ये मी कित्येक वर्षं कालवं निवडतेय, म्हणून सांगते. ओहोटी लागली की तो आणि त्याचा धाकटा भाऊ क्लाइव्ह रबरी बूट चढवून पाण्यात उतरायचे, जाळीच्या टोपल्या हलवायचे, आणि परत येईपर्यंत दोघांत जे काही बोलणं व्हायचं ते क्लाइव्हचंच.

लिंडनची मुलगी ब्रायनी मात्र बडबडी. गावच्या फुटबॉल क्लबात ती लहान मुलींच्या संघाला शिकवायची; आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातानेही झेलतात. शनिवारी मैदानावर ओरडायला लागली की आवाज पार शेडपर्यंत यायचा.

एके दिवशी तिने आईबापांना स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगितलं, की होबार्ट शहरातल्या मरीना नावाच्या मुलीवर तिचं प्रेम आहे. हे मला लिंडनच्या बायकोने, रोवीनाने, नंतर सांगितलं. रोवीना आधी रडली, मग तिने मुलीला जवळ घेतलं. लिंडन किटलीकडे तोंड करून उभा राहिला. चहा ओतून झाल्यावर म्हणाला, "ठीक आहे, पोरी. आमची काही हरकत नाही. फक्त गावात नको बोलूस. लोकांची तोंडं तुला माहीत आहेत."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं कशाला? गप्प राहायचं."

त्याला खरंच वाटलं होतं, की आपण फार समजूतदारपणे वागलो. दुसऱ्या एखाद्या बापाने घराबाहेर काढलं असतं, असं तो रोवीनाला म्हणालाही.

पण गावात काही लपून राहत नाही. कुणीतरी त्या दोघींना होबार्टच्या बाजारात हातात हात घालून फिरताना पाहिलं. क्लबच्या बैठकीत एका आईने विषय काढला: कपडे बदलायच्या खोलीत आमच्या मुली असतात, तिथे ब्रायनी नको. क्लाइव्ह क्लबचा अध्यक्ष होता. त्याने भावाकडे पाहिलं. लिंडन म्हणाला, "तिचा यंदा अभ्यास फार आहे. तशीही ती सोडणारच होती." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुणालाच पुढे काही बोलावं लागलं नाही.

ब्रायनीला हे कळलं किराणा दुकानात. संघातल्या एका मुलीच्या आईने प्रेमाने विचारलं, "अभ्यास कसा चाललाय गं? तुझ्याशिवाय मैदान सुनं वाटतं." ती तशीच शेडवर आली.

"डॅड, मी संघ सोडला?"

लिंडन कालवं धूत राहिला. "तुला त्रास नको म्हणून…"

"कोण काय म्हणालं?"

"जाऊ दे ना आता."

"बरं, तू काय म्हणालास?"

त्याने नळ बंद केला आणि टोपली उचलून आत नेली. ती निघून गेली. त्याच आठवड्यात बॅग भरून होबार्टला मरीनाकडे राहायला गेली. घरचे फोन घेणं तिने बंद केलं.

हिवाळ्यात मरीनाचा फोन आला. ब्रायनीने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वाचली होती.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एक ठेंगणी मुलगी ब्रायनीचे बूट छातीशी धरून बसली होती. तीच मरीना. लिंडनने तोवर तिचं नावसुद्धा कधी घेतलं नव्हतं. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तू काही खाल्लंयस का?" तिने नकारार्थी मान हलवली. तो जाऊन तिच्यासाठी सँडविच घेऊन आला.

ब्रायनी शुद्धीवर होती. तो म्हणाला, "बोलू नकोस, पोरी. आराम कर."

"तू मला हेच सांगत आलायस, डॅड. बोलू नकोस." तिचा आवाज बसला होता. "तू ओरडला असतास तर मी भांडले तरी असते. तू मला झाकून ठेवलंस. जमिनीवर काहीतरी घाण सांडावी तसं."

लिंडन खुर्ची ओढून बसला. "मग बोल. मी ऐकतो." ती बोलत गेली. मध्येच तो "पण अगं" म्हणाला, तेव्हा रोवीनाने त्याचा गुडघा दाबला.

तिथल्याच एका नर्सने त्याला समलिंगी मुलांच्या आईबापांच्या बैठकीचा पत्ता दिला. तो कपाळाला आठ्या घालूनच गेला. तिथे बर्नार्ड नावाचा एक बस ड्रायव्हर भेटला. तो म्हणाला, "मीपण पोराला सांगितलं होतं, घरात तुला हवं तसं राहा. पण घर ते केवढं रे? त्याला सगळं आयुष्य घराबाहेरच काढायचं होतं." निघताना म्हणाला, "आता जे काही करशील ते तिला विचारून कर. परत परस्पर ठरवू नकोस."

लिंडनने ब्रायनीला विचारलं. "क्लबात मी खरं सांगू का? तू हो म्हणालीस तरच."

ब्रायनीने बरेच दिवस विचार केला. मग म्हणाली, "सांग. पण मला परत घ्या म्हणून गयावया करू नकोस."

क्लबच्या वार्षिक सभेत तो उभा राहिला. मी मागच्या रांगेत होते. कागद वगैरे काही नव्हता हातात. "ब्रायनीने संघ सोडला नव्हता," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. ती एका मुलीवर प्रेम करते म्हणून तुम्हाला ती नको झाली, आणि मला तुमच्याशी वाकडं नको होतं. तुमच्या पोरींना चेंडू झेलायला तिनेच शिकवलं."

"लिंडन, बस खाली," क्लाइव्ह म्हणाला. "घरातलं चव्हाट्यावर कशाला?"

"चव्हाट्यावर ते याच खोलीत आलं, क्लाइव्ह. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "आता आम्ही काय दारावर सप्तरंगी झेंडे लावायचे?" लोक हसले.

"नको. ती दुकानात दिसली तर 'कशी आहेस' म्हण. तेवढं जमेल ना तुला?"

कुणी हसलं नाही. तो खाली बसला. बाहेर पडताना दोघीतिघींनी त्याचा खांदा थोपटला. ज्या बाईने विषय काढला होता ती मान वळवून गेली.

महिना उलटला नाही तोच क्लाइव्हने धंदा वेगळा केला. आता एकाच ओहोटीला दोघे भाऊ पाण्यात असतात, मधे फक्त हद्दीचा एक दोर. बोलणं नाही. लिंडनला एकट्याला झेपत नाही, म्हणून रोवीना आणि मीही उतरतो. तो कधी कधी दोरापलीकडे बघत उभा राहतो. क्लाइव्ह बघत नाही.

क्लबाने नंतर ब्रायनीला बोलावणं पाठवलं. ती नको म्हणाली. मरीनाला घेऊन ती अधूनमधून घरी येते. कधी शेडवर येऊन आमच्याशी थट्टामस्करी करते, कधी दिवसभर अंथरुणातून उठत नाही. तेव्हा लिंडन दाराशी चहा ठेवतो आणि विचारतो, "आत येऊ का?" ती नाही म्हणाली तर तिथेच पायरीवर बसतो.

ती होबार्टला असताना तिने फोन उचलला नाही की तो पुन्हा पुन्हा लावत राहतो. परवा हातातली टोपली तशीच टाकून तो होबार्टला निघायला गाडीत जाऊन बसला होता. इतक्यात तिचाच फोन आला. "अंघोळ करत होते, डॅड." त्याने बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि बराच वेळ गाडी सुरू न करता तसाच बसून राहिला.