घरगाडीचं मागचं दार

गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. कामरेजच्या पुढे उसाच्या शेताला लागून पत्र्याची एक शेड होती आणि शेडच्या मागे ती उभी होती. पुढची दोन्ही चाकं जमिनीत बसलेली, टपावर कडुनिंबाचा पाला साचून काळा झालेला. रखवालदाराने दार ओढलं तशा चार कोंबड्या आमच्या पायांतून बाहेर पळाल्या. पप्पा म्हणाले, "बघ, बॉडी अजून सरळ आहे." मी नाकाला ओढणी लावली आणि आत वाकून पाहिलं.

गाडीचा मालक विलायतेहून परतलेला शेतकरी होता. तिकडे लोक गाडीतच घर करून फिरतात हे त्याने पाहिलं होतं. इथे आल्यावर एका मिनीबसमध्ये त्याने तसं घर बांधून घेतलं आणि कुटुंबाला घेऊन वर्षानुवर्षं तीर्थयात्रा केल्या. तो गेला, मुलं पुन्हा विलायतेला गेली, गाडी राहिली. आत रेक्झिनचा बाक होता, तो ओढला की पलंग व्हायचा. स्टीलचा ओटा होता, छोटं सिंक, हातपंपाचा नळ. आणि ओट्याला लागून प्लायवुडचं एक अरुंद दार. रखवालदार म्हणाला, कपाट आहे. मी उघडलं. आत विलायती कमोड होता, खाली टाकी, वर झाकण.

पप्पा खाली बसून नखाने चेसिसचा गंज खरवडत होते. मी ते दार हळूच लावून घेतलं. ही गाडी घ्यायलाच हवी असं मला वाटलं, आणि मी काही बोलले नाही. मी सहसा बोलत नाही.

पप्पा उधन्याच्या एका मिलमध्ये लूमखात्याचे मास्टर होते. त्या दिवाळीत ते रिटायर झाले. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात उभं राहिल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, पण मशीनवर तळहात ठेवला की तिचं काय दुखतंय ते त्यांना कळतं. घरी बसून त्यांनी आधी मिक्सर उघडला, मग पंखा, मग शेजाऱ्यांची पाण्याची मोटर. मम्मी म्हणाली, "आता माझं डोकं उघडून बघा." त्यानंतर महिन्याभरात ते गाडीच्या मागे लागले. लोकांना सांगायचे, फिरायचंय, आंब्याखाली मुक्काम टाकायचाय. मला एकदाच म्हणाले, "तुझ्या मम्मीला गाडी लागते. बसमध्ये बसवत नाही तिला. हिच्यात पाय पसरून झोपून जाईल. मावशीकडे तरी जाईल."

मावशी, म्हणजे मम्मीची मोठी बहीण, शहाद्याकडे शेतातल्या घरात राहते. दीड वर्षापूर्वी पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती खाटेवरच आहे. सुरतेला येणं आता तिला जमणार नाही, जायचं तर मम्मीनेच. आणि मम्मी गेली नव्हती. एकदाही नाही.

मम्मीला गाडी लागत नाही. हे घरात आम्हा दोघींनाच माहीत होतं.

प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून मम्मी पाणी बंद करायची. सकाळी चहासुद्धा दोन घोट. वाटेत बस थांबायची तिथे पुरुष रस्त्याच्या कडेला रांगेने उभे राहायचे आणि बायका बसमध्येच बसून राहायच्या, खिडकीच्या दुसऱ्या बाजूला बघत. मीही तशीच शिकले. शाळेत मी पाण्याची बाटली भरलेली न्यायचे आणि भरलेलीच परत आणायचे. मम्मीने ती रोज रिकामी करून धुतली, कधी काही विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी अशाच एका प्रवासानंतर तिला ताप चढला, इन्फेक्शन वर किडनीपर्यंत गेलं, चार दिवस सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाल्या, पाणी तोडायचं नाही, परत असं चालणार नाही. मम्मीने ऐकलं. तिने पाणी तोडलं नाही, प्रवास तोडला. आणि लोकांना सांगायला एक कारण ठेवलं: गाडी लागते.

आम्ही दोघी यावर कधी बोललो नाही. घरातून निघताना ती मला "जाऊन आलीस का?" एवढंच विचारते. अजूनही.

गाडी ओढत चलथाणला नेली. तिथले मिस्त्री साखर कारखान्यावर ऊस आणणाऱ्या ट्रकांची कामं करतात. हंगाम सुरू होता, त्यामुळे आमचा नंबर नेहमी शेवटचा. दर रविवारी मी पप्पांबरोबर जायचे. गंजलेली फरशी कापून नवा पत्रा मारला, टपाच्या सांध्यांत रबर भरलं, खिडक्या घासून घासून उघडल्या. सगळ्या गॅरेजला उसाच्या रसाचा आंबूस वास यायचा. मी बाकाचं रेक्झिन उसवत बसायचे आणि दर थोड्या वेळाने उठून त्या अरुंद दाराकडे बघून यायचे. आहे ना अजून, एवढंच.

एका रविवारी मम्मी डबा घेऊन आली. कळण्याची भाकरी, ठेचा, मिस्त्रींसाठी वेगळा गूळ. ती पायरी चढून आत गेली, पलंगावर हात फिरवला, नळाचा दांडा दोनदा हापसून पाहिला. तिला गाडी आवडत होती. मग पप्पांनी मोठ्या उत्साहाने ते दार उघडलं.

"अगं बाई," मम्मीने पदर नाकाला लावला. "ओट्याला लागून? जिथे भाकरी थापायची तिथेच हे?"

यात लाजायचं काय म्हणून मिस्त्री दारातून हसले. "काकी, आमां शरम शेनी? परदेशी माल छे!"

मम्मी आणखीच लाल झाली. "नको नको. काढून टाका."

"काढतोच," पप्पा म्हणाले. "तेवढाच तुझा पलंग लांब होईल."

मम्मीने एकदा माझ्याकडे पाहिलं. फार थोडा वेळ. परक्या माणसासमोर ती दुसरं काय म्हणणार होती? तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी हातातल्या ब्लेडने रेक्झिनचा एक टाका उसवला, मग दुसरा.

पुढच्या रविवारी कमोड गॅरेजच्या अंगणात होता आणि त्याच्या बंद झाकणावर बसून मिस्त्री बशीतून चहा पीत होते. "आवी खुरशी आखा चलथाणमां नथी," म्हणाले. पप्पा खूप हसले. मीही हसल्यासारखं केलं. आत जाऊन पाहिलं तर जागा मोकळी होती आणि फरशीत गोल भोक. त्यावर पुढच्या रविवारी प्लेट वेल्ड होणार होती.

त्या आठवड्यात मला एका जागी बसवेना. ऑफिसात मी कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइन्स करते, रिंग रोडवरच्या एका मार्केटच्या पाचव्या मजल्यावर. दिवसभर मोरांची पिसं भरत होते आणि पाय टेबलाखाली हलत होता. शेजारची मुलगी म्हणाली, "तारा पगमां मोटर छे के शुं?" बुधवारी मावशीचा फोन आला. मम्मीने स्पीकर लावून भाजी निवडायला घेतली.

"कव्हय येशी वं?" मावशी विचारत होती.

"ईसू ना. गाडी व्हई गई का ईसू."

"तू मागे बी असंच बोलनी."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मम्मी, तू येणार ना?"

"बघू. मला गाडी लागते, माहीत आहे ना तुला."

"पण ही तर आपली गाडी."

"गाडी आपली. रस्ता तर तोच ना?"

तिने निवडलेली मेथी पुन्हा निवडली.

तोंडाने सांगायचं नाही आणि तरी पप्पांना कळवायचं, असा एकच मार्ग मला दिसत होता. मिलमध्ये नवं डिझाइन ग्राफवर यायचं. पप्पा त्याबद्दल कोणाला काही विचारत नसत, चौकटींवरून बोट फिरवत जायचे आणि शेवटी चूक असेल तिथे थांबायचे. म्हणून मी ऑफिसच्या सॉफ्टवेअरवर गाडी काढली. एक चौकट म्हणजे दोन इंच. ओटा होता तिथेच ठेवला. ती अरुंद खोली गाडीच्या अगदी मागच्या कोपऱ्यात नेली, आतून सलग भिंत घातली आणि तिचं दार गाडीच्या मागे, बाहेर उघडणारं केलं. गावाकडे घराच्या मागे असते तशी. स्वयंपाकाचा आणि तिचा संबंधच नाही. पलंग त्यामुळे वीतभर आखूड झाला.

शनिवारी दुपारी प्रिंट पप्पांच्या चष्म्याखाली ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोरच्या गॅलरीत दोन काकू पापड वाळत घालत होत्या. स्वयंपाकघरात मम्मी लसूण कुटत होती, तो ठकठक आवाज चालू होता. पप्पा कागद घेऊन बाहेर आले.

"हे मागे काय काढलंस?"

मी हळू सांगितलं.

"काय?"

पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

"ते तर काढून टाकलं. मम्मीलाच नको होतं."

"तिला हवंय, पप्पा."

"काय?"

पापडवाल्या काकूंनी वर पाहिलं. आत जावं असं वाटलं, पण पप्पा हाताचा पंजा कानामागे धरून वाट बघत होते.

"तिला गाडी लागत नाही!" मी ओरडले. "वाटेत जायला जागा नसते म्हणून ती पाणीच पीत नाही! म्हणून ती मावशीकडे जात नाही!"

लसणाचा आवाज थांबला.

पप्पांनी कागद खाली घेतला. बराच वेळ त्यांचं बोट त्या मागच्या चौकटींवरच होतं. "आणि तू?" त्यांनी विचारलं.

"मीपण."

"शाळेपासून?"

मी मान हलवली. ते समोरच्या पापडांकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "बिजागऱ्या उजवीकडे घे. डावीकडे टायरची कमान येते." आणि चप्पल घालून खाली गेले. त्या दिवशी शनिवार होता, तरी ते चलथाणला गेले.

मम्मी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते असं: "गल्लीत दवंडी पिटलीस. आता पेपरात तेवढं दे." पण जेवताना माझ्या ताटात तुपाचा दुसरा चमचा पडला.

मिस्त्रींनी खुर्ची सोडताना फार कुरकुर केली. मागचं दार बसवायला तीन रविवार गेले. आतली कडी पप्पांनी स्वतः केली. आत जाऊन कडी लावायचे, बाहेर मला दार ओढायला सांगायचे, "जोरात ओढ," पुन्हा उघडून कानस मारायचे. इंजिनला इतका वेळ त्यांनी दिला नव्हता.

फाल्गुनात निघालो. कडोदऱ्याला उसाच्या ट्रकांमागे अडकलो, मग रस्ता मोकळा झाला. नवे पडदे, नवी गादी, डब्यात दशम्या. आंब्याखाली लावायची ताडपत्री टपावर बांधलेली. पप्पा चालवत होते, एक हात गिअरच्या दांड्यावर नुसता टेकवून. मम्मी पलंगावर टेकून बसली होती. पाण्याची बाटली तिच्या आणि माझ्या मध्ये होती. सकाळी तिने चहा किती घेतला ते मी पाहिलं होतं: दोन घोट. बारडोली गेलं. व्यारा गेलं. बाटलीची पातळी तिथेच. मी उठून खिडकी उघडली, बंद केली, डबा इकडचा तिकडे ठेवला.

"बस ना एका जागी," मम्मी म्हणाली.

सोनगढच्या अलीकडे पप्पांनी गाडी कडेला घेतली. पलीकडे दोन ट्रक थांबले होते, त्यांचे ड्रायव्हर झाडाखाली डबा खात होते. "पुढचं चाक बघतो," पप्पा म्हणाले आणि उतरून गाडीच्या पुढे जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसले. त्या चाकाला काही झालं नव्हतं.

मम्मी हलली नाही. मी बाटली उचलली आणि तिच्यासमोर अर्धी संपवली. कुर्त्यावर सांडलं. मग खाली उतरून गाडीच्या मागे गेले. ड्रायव्हर बघत असतील असं वाटत होतं. ते भाजीत भाकरी बुडवत होते. परत आले तेव्हा मम्मी चप्पल शोधत होती.

ती गेली. कडीचा आवाज आला. मी आत बसून पडद्याची शिवण मोजत राहिले, आणि तिला इतका वेळ का लागतोय म्हणून पुन्हा उठले. शेवटी ती आली, कमरेला पदर खोचलेला, कपाळाला आठ्या.

"एवढं सगळं केलं आणि खुंटी नाही एक. पदर कुठे ठेवायचा माणसाने?" तिने बाटली घेतली, बोलता बोलताच वर करून घटाघटा प्यायली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो! आतमध्ये खुंटी लावा!"

"काय?" पप्पा चाकाजवळून म्हणाले.

"खुंटी!" मम्मी ओरडली, इतक्या मोठ्याने की झाडाखालच्या दोन्ही ड्रायव्हरांनी माना वळवल्या. "संडासात खुंटी लावा म्हटलं!"