सिस्टरांसाठी जर्मन हॉटेल

लिफ्ट दुरुस्त करण्यात ज्यांचा उभा जन्म गेला, त्या गृहस्थांना सगळे लिफ्टवाले म्हणत. कामावरचे सोबती चेष्टा करायचे, "यांच्या आयुष्यात चढउतार फार." तेही हसायचे. माणूस सरळ होता, पण एका बाबतीत त्यांनी वर्षानुवर्षं मनात अढी धरली आणि कोणाला तिचा पत्ता लागू दिला नाही.

त्यांची बायको इस्पितळात नर्स, म्हणून घरीदारी तिचं नाव सिस्टर. लग्नाआधी सिस्टर काही वर्षं जर्मनीतल्या एका लहान गावात नोकरीला होत्या. लग्न ठरलं आणि परत आल्या. येताना एक जाड कोट आणि तिथली भाषा घेऊन आल्या. कोट पुढे कापून मुलीच्या अंगाला बेतला. भाषा तशीच पडून राहिली.

लग्नानंतरच्या पहिल्याच वाढदिवसाला लिफ्टवाले त्यांना हौसेने एका जर्मन हॉटेलात घेऊन गेले होते. मालक म्हातारा जर्मन. सिस्टर त्याच्याशी बोलायला लागल्या त्या बोलतच राहिल्या, आणि मध्येच मान मागे टाकून खळखळून हसल्या. लिफ्टवाल्यांनी ते हसू तोवर ऐकलंच नव्हतं. ते शेजारी काटा हातात धरून ठोंब्यासारखे बसले होते.

"काय म्हणाला तो?"

"जाऊ द्या हो, तुम्हाला नाही कळायचं. तिकडचा विनोद आहे."

सिस्टर सहज बोलल्या आणि विसरल्या. ते विसरले नाहीत.

पुढे वाढदिवस आला की सिस्टर विचारायच्या, "अहो, यंदा त्या जर्मन हॉटेलात जाऊ या का?" आणि ते म्हणायचे, "उकडलेले बटाटे खायला बाहेर कशाला जायचं? घरात टोपलीभर आहेत." मुलगी हसायची, सिस्टरही हसायच्या, आणि सगळे दुसरीकडेच कुठेतरी जेवून यायचे. असं करता करता सिस्टरांनी विचारणं सोडून दिलं. कधी सोडलं, ते लिफ्टवाल्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आलं ते दोघं निवृत्त झाल्यावर. मुलगी एकदा जेवताना म्हणाली, "आईचा पासष्टावा आहे, बाबा. या वेळी जागा तुम्ही ठरवा." ते सवयीने बटाट्यांचं उत्तर ओठांवर ठेवून थांबले. सिस्टर पानातलं आवरत म्हणाल्या, "मला कुठेही चालेल." ते "कुठेही" ऐकून त्यांनी हातातला घास परत पानात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते कोणाला न सांगता बाहेर पडले. पहिलं ते जुनं हॉटेल. तिथे आता मोबाइलचं दुकान होतं. पोऱ्यासारखा दिसणारा दुकानदार म्हणाला, "हॉटेल? इथे कधी हॉटेल होतं?" मग मुलीने पूर्वी कधीतरी फोनवर दाखवलेल्या एका नावाजलेल्या ठिकाणी गेले. तिथे बिअरचे घडे, कर्णे आणि ढोल. शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागत होतं. आणखी एक होतं उंच इमारतीत, काचेच्या भिंतींचं. लिफ्ट उत्तम होती, पण ताटात जेवण शोधावं लागेल इतकंच.

शेवटी एका बँकेच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर एक मिळालं. लाकडी बाकं, कमी टेबलं, शांतता. सिस्टरांच्या गुडघ्यांसाठी त्यांनी आधी लिफ्ट दोनदा वरखाली करून पाहिली. दार सावकाश मिटत होतं. मालकीण जर्मन होती, तरुण, पण इथल्या माणसांत मुरलेली.

"माझ्या बायकोला तुमची भाषा येते," ते म्हणाले. "त्या दिवशी तिच्याशी तुमच्याच भाषेत बोला. भरपूर बोला."

वाढदिवसाला मुलगी, जावई आणि छोटी नात, सगळे जमले. पाटी वाचून सिस्टर दारातच थबकल्या. "अगंबाई," एवढंच म्हणाल्या. बटाट्यांचे गोळे, आंबवलेला कोबी, तिखट मोहरी असं सगळं टेबलावर आलं. सिस्टर मन लावून जेवल्या.

मग मालकीण आली आणि ठरल्याप्रमाणे जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक बोलली. लिफ्टवाले खुर्चीत पुढे सरकले. या वेळी काही कळलं नसतं तरी चाललं असतं. त्यांना फक्त ते हसू ऐकायचं होतं.

सिस्टरांनी तोंड उघडलं. एक शब्द आला, दुसरा आला. तिसऱ्याशी अडखळल्या, कपाळाला हात लावला, पुन्हा सुरुवात केली आणि थांबल्या. मालकीण धीर देत होती, पण सिस्टर संकोचून मराठीत म्हणाल्या, "नाही येत आता. गेलं सगळं." नातीचा हात उगाच कुरवाळत राहिल्या.

मालकीण गेल्यावर लिफ्टवाले म्हणाले, "एकदा शिकलेलं असं कसं जातं गं?"

"बोलायला कोणी नव्हतं ना," सिस्टर म्हणाल्या. त्यात बोल नव्हता. इस्पितळात रोग्याला ताप किती ते सांगावं, तसं सांगितलं. "शब्दांनाही वापर लागतो."

"मी नाही म्हणायचो म्हणून."

"तुम्हाला बटाटे आवडत नाहीत, असंच वाटायचं मला."

तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं. त्या म्हाताऱ्या मालकाचं, त्या हसण्याचं, ठोंब्यासारखं बसण्याचं. मुलगी आणि जावई ताटाकडे बघत राहिले. सिस्टरांनी नातीचं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "एवढंच होतं? त्या दिवशी घरी आल्यावर विचारलं असतंत तर विनोद समजावून सांगितला असता."

"आता सांग."

"आता आठवत नाही हो."

घरी परतताना नात झोपली होती. सिस्टर खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि ओठ हलवत काहीतरी जुळवून पाहत होत्या. लिफ्टवाल्यांनी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यापासून मात्र ते रोज संध्याकाळी फिरताना त्या गावाबद्दल विचारू लागले: इस्पितळ कसं होतं, खोलीत सोबत कोण होतं, बर्फात कामाला कशी जायचीस. सिस्टर सांगतात, आठवेल तेवढं. पुष्कळदा मध्येच थांबून म्हणतात, "पुढचं गेलं." तेव्हा ते त्यांच्याशेजारी उभे राहतात, आणि दोघं पुन्हा चालू लागतात.