रेवाच्या खणातला कागद

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. पत्रकं लिहिते ना मी — लोकांच्या हातात कागद कोंबायची मला लाज वाटत नाही. पण ती सगळी इंग्रजीत. हे मराठीत लिहितेय, कारण मराठीत मला घोषणा देता येत नाहीत.

अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटात आमचा पाचसहा जणांचा गट आहे. इथल्या सरकारी बैठका प्रार्थनेनं सुरू होतात, तीही एकाच धर्माच्या. त्याविरुद्ध आम्ही भांडतो. आमच्यातले काहीजण स्वतःला सैतानवादी म्हणवतात, पण मानत कुणालाच नाहीत. सैतान म्हणजे बंडाचं प्रतीक, बाकी काही नाही — हे वाक्य माझं आहे. तीन पत्रकांत छापलंय.

रेवा मात्र मानायची. खरोखर मानायची.

रेवा म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती आणि तिची आई, म्हणजे काकू, दोघीच राहायच्या. रविवारच्या मराठी शाळेत रेवा लहान मुलांना शिकवायची, काकू त्याच शाळेच्या कमिटीवर. रेवाच्या खोलीत कपड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात तिची वेदी होती — काळी मेणबत्ती, उदबत्ती, डाळिंबाच्या रसाचा पेला. जनावराच्या केसालाही धक्का लावायचा नाही, हा तिचा पहिला नियम. तिच्या लेखी सैतान हा चर्चमधल्या भीतीच्या गोष्टींतला राक्षस नव्हता. फार जुना देव — माणसाला ज्ञान देणारा, आणि जिंकणाऱ्यांनी ज्याला बदनाम केलं असा. त्याच्यापुढे ती गुडघे टेकायची नाही. उभं राहून बोलायची. त्याला गुलाम नकोत, म्हणायची.

आणि नैवेद्य दाखवायची. शिऱ्याच्या वाटीभोवती पाणी फिरवून, डोळे मिटून — हुबेहूब काकूंसारखी.

मी हसले होते. ती म्हणाली, "तुझ्या पत्रकातला सैतान फारच शिकलेला आहे गं. माझ्याशी तो साधं बोलतो."

साधं बोलतो. मी तिच्या श्रद्धेवर चिडले असं स्वतःला सांगत राहिले. अंधश्रद्धा, तर्कदुष्टपणा, चळवळीचं नुकसान — शब्द काय, मला ढिगानं येतात. खरं एवढंच होतं की मी जळत होते. मी दिवसभर ओरडते, आणि माझं ऐकतं कोण? ती कपाटासमोर पुटपुटते, आणि तिचं कुणीतरी ऐकतं. निदान तिला तसं वाटतं. ती उठायची तेव्हा तिचा चेहरा असा निवलेला असायचा — तसा माझा कधी झालाय? आधी आपलं मन ती माझ्यापाशी मोकळं करायची. आता त्याच्यापाशी.

तिच्या मार्गात एक रीत आहे. आपलं वचन स्वतःच्या हातानं लिहायचं, सही करायची, वेदीसमोर मोठ्यानं वाचायचं आणि मेणबत्तीवर जाळायचं. दुसऱ्या कुणी ते वाचायचं नाही. रेवानं ते मराठीत लिहिलं होतं. त्या शनिवारी दुपारी, शिरा आणायला ती स्वयंपाकघरात गेली, तेव्हा ते वेदीशेजारच्या खणात होतं. रीत मला ठाऊक होती. मी खण उघडला.

वर सैतानाचं नाव, आणि मग — 'मी घाबरणार नाही. खोटं बोलणार नाही. आईला हे एक दिवस मी स्वतः सांगेन.' खाली, तिला घडवणाऱ्यांचे आभार — आई, गणिताच्या एक बाई, वर्गातली मुलं, एकेकाचं नाव घेऊन. मी दोनदा वाचलं. माझं नाव नव्हतं.

मी फोटो काढला.

आमच्या पत्रकांच्या प्रिंटरवर तो छापला आणि मराठी शाळेतल्या सूचनांच्या पेटीत टाकला. त्यावर माझं नाव कशाला लिहीन? इतकं धैर्य असतं तर काय हवं होतं.

कमिटीनं रेवाला गोड शब्दांत "थोडा ब्रेक घे" सांगितलं. त्यांनी दाखवलेल्या फोटोत कागदाखाली खणाचं लाकूड दिसत होतं. घरात दोघीच. रेवानं ठरवून टाकलं — आईनं खण उघडला, आईनंच कमिटीला कागद दिला. काकू त्या दिवशी रडत माझ्यासमोरच म्हणाल्या, "तेहतीस कोटी कमी पडले का गं तुला?" मग म्हणाल्या, "पण मी नाही दिला तो कागद." रेवा सामान भरत होती. तिनं मान वर केली नाही.

आणि मी? मी पत्रक लिहिलं. धर्मस्वातंत्र्य सगळ्यांचं, की फक्त तुमच्या आवडत्या देवांचं? शाळेच्या पार्किंगमध्ये उभी राहून लोकांच्या हातात दिलं, त्याच प्रिंटरवर छापलेलं. संतापानं माझा आवाज कापत होता — खोटा नव्हता तो संताप, हेच मला अजून कळत नाही. रेवानं मला मिठी मारली. म्हणाली, "तू होतीस म्हणून, यार." शेवटी माझं नाव आलं. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

दोन वर्षं झाली. रेवा आता लांब कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला असते. आईचा फोन उचलत नाही. गेल्या महिन्यात काकू दुकानात भेटल्या, हातातली कोथिंबिरीची जुडी तशीच धरून. "तुझं ऐकेल ती," म्हणाल्या. "सांग ना तिला, मी नाही केलं."

"सांगते काकू," मी म्हणाले.

सांगितलं नाही. त्यानंतर रेवाशी चारदा बोलले, हवापाण्याचं, नोकरीचं. एकदा तीच म्हणाली, आईनं निदान कबूल तरी करायला हवं होतं. मी हं म्हणाले.

काकूंनी तो खण कधी उघडलाच नव्हता. मी उघडला.