करंजी नाताळचीसुद्धा असते!

आत्ताच वराळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या नाताळच्या कार्यक्रमातून आलेय आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

मुलांचा खेळ होता, 'क'वरून नाताळचा शब्द सांगायचा. केक झाला, कॅरल झालं. माझी लेक ओरडली, "करंजी!"

खेळ घेणाऱ्या शेजारच्या ताई हसल्या. "अगं, ती दिवाळीची. तू बाद!"

लेकीचा चेहरा पडला. मी उठलेच. "ताई, आम्ही ख्रिस्ती. माझ्या माहेरी, आंबीला, करंज्या तळल्याशिवाय नाताळ होत नाही. मागच्या नाताळला आमच्याकडचा डबा फस्त केलात, तेव्हा नाही आठवली दिवाळी?"



सांगा, चुकलं का माझं? यंदाही त्यांना डबा देणार आहे. पण दारातच विचारणार, "ही करंजी कुठल्या सणाची?" उत्तर बरोबर आलं तरच झाकण उघडेन.